वाचकांचे प्रश्न : युरोपा ओरडत का नाही?

प्रश्न : डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘युरोपाचे अपहरण’ या चित्रावर वर्गात बोलायचे आहे. बैल देखणा, युरोपा ओरडतही नाही. रुक्मिणीहरणासारखे हेही तिच्या मर्जीचे हरण म्हणायचे का? शिवाय झेरॉक्स काढली की अर्धे चित्र काळे येते.
— कलाशाखेची विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : मर्जीचे मुळीच नाही. रुक्मिणीने निरोप धाडून कृष्णाला बोलावले होते. इथे बैल कोण आहे हेच युरोपाला ठाऊक नाही. कथा रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसीज’ या काव्यातली, दुसऱ्या भागातली. रोमन देवांचा राजा ज्युपिटर पांढरा बैल होऊन टायर या प्राचीन बंदराच्या किनाऱ्यावर गुरांत मिसळतो. राजकन्या युरोपा शिंगांना फुले बांधते, पाठीवर बसते, आणि तो हळूहळू पाण्यात शिरतो. रेम्ब्रांटने १६३२ मध्ये रंगवला तो याच्या लगेच पुढचा क्षण.

चित्र हातांपासून वाचायला घ्या. युरोपाने शिंग घट्ट धरलेय, बोटे बैलाच्या मानेत रुतलीत, तोंड मात्र मागे वळलेले. सोडले तर बुडेल, धरले तर लांब जाईल. भीती त्या पकडीत आहे, म्हणून तोंड उघडे नसले तरी चालते. आता काठावर या. खाली बसलेल्या मैत्रिणीचे हात वर गेलेत, माळ मांडीत पडलीय. दुसरीने हात घट्ट जुळवलेत. वर घोडागाडी आणि थिजलेला गाडीवान. ही गाडी ओव्हिडमध्ये नाही, ती चित्रकाराची भर. इटालियन चित्रकार टिशियनने सुमारे ७० वर्षे आधी हाच प्रसंग रंगवला, तेव्हा मैत्रिणी दूर ठिपक्याएवढ्या ठेवल्या. रेम्ब्रांटने त्या जवळ आणल्या, त्यामुळे मधले थोडेसे पाणीच जास्त बोचते. मागे धुक्यात बंदर दिसते. त्यातली मालाची क्रेन टायरची नव्हे, रेम्ब्रांटच्या काळातल्या हॉलंडची. चित्र डच ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी जाक स्पेक्स यांच्याकडे होते, म्हणून काही जण त्यात सागरी व्यापार वाचतात. वाचावा, पण आधी ती पकड पाहावी.

झेरॉक्स विसरा. चित्र लॉस एंजलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. त्यांच्या संकेतस्थळावरून मोठी प्रत मोफत उतरवता येते. मोबाइलवर ‘ब्राइटनेस’ वाढवू नका, आकाश पांढरे पडून बंदर उडते. फक्त ‘शॅडोज’ थोडे वाढवा, झाडांखालची गाडी दिसू लागली की थांबा. ए३ मॅट कागदावर रंगीत प्रत काढा. ग्लॉसी कागदावर चित्रातल्या काळोखात ट्यूबलाइट चमकते. फ्लेक्सचा मोह नको: मूळ ओकची फळीच जेमतेम ६५ बाय ७९ सेंटिमीटरची आहे.