मुस्लिमबहुल देशात खुद्द मुसलमानाला धर्मस्वातंत्र्य किती?

तुमचा प्रश्न असा आहे की, मुस्लिमबहुल देशांतल्या अल्पसंख्याकांबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं, पण तिथल्या मुसलमानाला स्वतःच्या श्रद्धेबाबत किती मोकळीक असते? सगळ्या देशांना पुरेल असं एक उत्तर नाही. मलेशियाचं सांगतो, कारण तिथे सगळं कलमानिशी कागदावर आहे आणि नेमकी अडवणूक कुठे होते ते दाखवता येतं.

मलेशियात साधारण ६३ टक्के लोक मुस्लिम आहेत. राज्यघटनेचं कलम ११ ‘प्रत्येक व्यक्तीला’ आपला धर्म मानण्याचा आणि पाळण्याचा हक्क देतं. तरीही एका बाबतीत तिथल्या मुसलमानाला हिंदू किंवा बौद्ध शेजाऱ्यापेक्षा कमी स्वातंत्र्य आहे. आपण मुसलमान आहोत की नाही, हे त्याचं त्याला ठरवता येत नाही.

याची सुरुवात खिशातल्या ओळखपत्रापासून होते. मायकार्डच्या दर्शनी बाजूवर नागरिकत्वाच्या शब्दाखाली ‘इस्लाम’ असं छापलेलं असतं. बिगरमुस्लिमाच्या कार्डावर धर्म छापतच नाहीत. १९९९ पासूनची ही पद्धत. त्या एका शब्दावर लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा, वारसा आणि शेवटी दफन की दहन, एवढं सगळं अवलंबून असतं. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याने दोन धर्मांची माणसं धर्म न बदलता लग्न करू शकतात. तिथला १९७६ चा नागरी विवाह कायदा मुसलमानाला लागूच नाही, त्यामुळे जोडीदाराने इस्लाम स्वीकारल्याशिवाय लग्नाची नोंद होत नाही.

रोजच्या आचरणावरही पहारा असतो. क्वालालंपूरला लागू असलेल्या १९९७ च्या शरिया गुन्हे कायद्यानुसार पुरुषाने सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन शुक्रवारची नमाज चुकवली, किंवा कुणीही रमजानमध्ये दिवसा उघडपणे खाल्लं, तर १००० रिंगिटपर्यंत (रिंगिट हे तिथलं चलन) दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लागू असलेल्या फतव्याविरुद्ध मत मांडलं, तर ३००० रिंगिटपर्यंत दंड, २ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मला या सगळ्यात हे शेवटचं कलम सर्वात घातक वाटतं, कारण ते धर्म सोडणाऱ्यावर नाही, तर धर्मात राहून विचार करणाऱ्यावर चालतं. शियांचंही तसंच झालं. १९८४ मध्ये राष्ट्रीय फतवा समितीने जाफरी आणि झैदी हे शिया पंथ मान्य केले होते; १९९६ मध्ये ती मान्यता काढून घेतली आणि फक्त सुन्नी शिकवण ग्राह्य ठरवली.

आता धर्म सोडायचा असेल तर काय होतं? नोंदणी कार्यालय नाव बदलून देतं, पण ‘इस्लाम’ हा शब्द काढायला शरिया कोर्टाचा हुकूम मागतं. नागरी कोर्टात गेलात, तर तिथे १९८८ मध्ये घटनेत घातलेलं कलम १२१ (१-अ) आडवं येतं: शरिया कोर्टाच्या अखत्यारीतल्या विषयात नागरी कोर्टाला अधिकार नाही. इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेल्या लीना जॉय यांची अनेक वर्षांची लढाई याच भिंतीवर आदळली. ३० मे २००७ रोजी संघीय न्यायालयाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, २ विरुद्ध १ मतांनी त्यांचं अपील फेटाळलं.

मग शरिया कोर्ट. कायदे राज्यागणिक बदलतात. नेगेरी सेंबिलानमध्ये त्यातल्या त्यात स्पष्ट वाट आहे, २००३ च्या कायद्यातलं कलम ११९. प्रतिज्ञापत्रासह अर्ज करायचा. न्यायाधीश आधी तौबा, म्हणजे पश्चात्ताप, करायला सांगतात. अर्जदार ठाम राहिला तर सुनावणी ९० दिवस पुढे ढकलून समुपदेशनाला पाठवतात. तरीही ठाम राहिला तर आणखी एक वर्षापर्यंत समुपदेशन. त्यानंतरच ‘हा आता मुस्लिम नाही’ असं जाहीर होऊ शकतं. हुकूम मिळेलच याची खात्री नाही. मलाक्कात तर हीच इच्छा बोलून दाखवणाऱ्याला सुधारणा केंद्रात ६ महिन्यांपर्यंत ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे परवानगी मागायला जाणं हाच धोका.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, आणि लोक नेमके इथेच चुकतात. ‘मी आता मुस्लिम नाही’ आणि ‘मी कधीच मुस्लिम नव्हतो’ हे दोन वेगळे दावे आहेत. पहिला शरिया कोर्टाचा, दुसरा नागरी कोर्टाचा. २०२१ मध्ये रोझलिझा इब्राहिम संघीय न्यायालयात जिंकल्या त्या दुसऱ्या दाव्यावर: वडील मुस्लिम, आई बौद्ध, आणि दोघांचं लग्न झाल्याचा पुरावा नाही, म्हणून त्या जन्माने मुस्लिम ठरत नव्हत्या. अशा दाव्यात आईवडिलांच्या लग्नाची नोंद आहे की नाही, आईच्या धर्मांतराची नोंद नसल्याची धर्मखात्यांची पत्रं, हे कागद आधी गोळा करावे लागतात.

ज्याने मोठेपणी स्वतः कलमा वाचून सही केली, त्याला ही दुसरी वाट बंद असते. नोकरीनिमित्त मलेशियात गेलेले भारतीयही या फेऱ्यात येऊ शकतात. लग्नासाठी धर्मांतर ‘फक्त कागदोपत्री’ आहे असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. लग्न मोडलं तरी नोंद राहते. एव्हरेस्ट मोहिमेतले एम. मूर्ती २००५ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी इस्लाम स्वीकारल्याचा दावा पुढे आला, पण त्यांची पत्नी ते हिंदूच होते असं सांगत राहिली. शरिया कोर्टाने त्यांना मुस्लिम ठरवलं, नागरी कोर्टाने ‘आम्हाला अधिकार नाही’ म्हटलं, आणि पत्नीचा विरोध असूनही त्यांचं दफन झालं.