चुन्याच्या रेषेअलीकडे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फुटीवर, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलवर, लिहिलं आणि तेव्हापासून पत्रं येतच आहेत. बहुतेक मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांतल्या मराठी घरांतली. खेळाचे नियम फारसे कुणी विचारले नाहीत. काळजी वेगळीच आहे: तिथं आपण आणि आपली मुलं नीट राहतील ना?

मी मूळची कोल्हापूरची, पेशानं फिजिओथेरपिस्ट. गेली अकरा वर्षं हिवाळ्यातल्या दर रविवारी सकाळी इथल्या एका छोट्या क्लबात ‘ट्रेनर’ म्हणून उभी असते. फुटीत ट्रेनर म्हणजे प्रथमोपचाराची पिशवी घेऊन रेषेवर थांबणारं माणूस. त्यामुळे पाहिलेलं आधी सांगते, वाचलेलं नंतर.

ताई, सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्यात. त्यांना एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, सामना दाखवायची इच्छा आहे, पण टीव्हीवर प्रेक्षकांची आरोळी ऐकूनच त्या दचकल्या. दोन्ही संघांची माणसं म्हणे एकत्रच बसतात. मारामाऱ्या होत नाहीत का? – एक सून, पॉइंट कुक

जरूर न्या. ती आरोळी बहुधा “बॉऽऽल!” अशी असणार. हातात चेंडू असलेला खेळाडू टॅकलमध्ये अडकला आणि त्यानं चेंडू वेळेत सोडला नाही, तर समोरच्याला फ्री किक मिळते. ती मिळावी म्हणून अख्खं स्टेडियम अंपायरकडे मागणी करतं. ऐंशी-नव्वद हजार माणसं एका दमात ओरडली की पोटात गोळा येतोच. तो राग नसतो एवढं काकूंना घरीच समजावून सांगा.

एकत्र बसण्याचं म्हणाल, तर मी शाहू स्टेडियमवर पेठापेठांची ईर्षा बघत वाढले. तिथं कुठल्या तालमीचा माणूस कुठं बसणार हे ठरलेलं. एमसीजीवर पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या एका बाजूला कॉलिंगवूडचा काळा-पांढरा मफलर, दुसऱ्या बाजूला कार्लटनचा गडद निळा. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. हाफ टाइमला कॉलिंगवूडच्या आजोबांनी कार्लटनच्या बाईंना थर्मासमधला चहा दिला, मग मलाही विचारलं. इथं मधे जाळ्या नाहीत, वेगळे पिंजरे नाहीत. शंभर वर्षांहून अधिक काळ लोक असेच खांद्याला खांदा लावून बसत आलेत, आणि मला या खेळातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

तरी काही घडतच नाही असं मी सांगणार नाही. दारू चढल्यावर धक्काबुक्की होते. एप्रिल २०२५ मध्ये याच दोन संघांच्या सामन्याला दोन माणसं चक्क पिस्तुलं घेऊन एमसीजीत शिरली होती. पोलिसांनी त्यांना स्टँडमध्येच पकडलं, गोळी सुटली नाही, पण दारावरची तपासणी त्यानंतर कडक झाली. रांगेत वेळ जातो, त्याबद्दल कुरकुर करू नका.

तिकीट काढताना मद्यमुक्त विभागातली जागा मागा. तसा विभाग असतो, आपल्या लोकांना माहीत नसतो. गोलमागच्या अगदी पुढच्या रांगा टाळा, बरोबर लहान मूल असेल तर नक्कीच. पन्नास मीटरवरून मारलेला चामड्याचा चेंडू तिथं थेट अंगावर येतो. काचेची बाटली आणि डबा-कॅन घरी ठेवा. आणि सामना संपला की लगेच रिचमंड किंवा जोलिमाँट स्टेशनकडे धावू नका. वीस मिनिटं जागेवर बसून राहा, गुडघेदुखीच्या माणसाला त्या जिन्यावरच्या गर्दीचाच खरा त्रास होतो.

माझा मुलगा बारा वर्षांचा. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना समोरच्या मुलानं त्याला मागून कानाखाली ठोसा मारला. अंपायरनं पाहिलं नाही. मी आत धावत गेलो तर आमच्याच टीम मॅनेजरनं मला अडवलं, वर मलाच ऐकवलं. या खेळात रेड कार्ड नाही का? – एक वडील, टार्नीट

दादा, आधी मुलाचं डोकं, मग न्याय.

तुमच्या पत्रात तो नंतर खेळला की नाही हे लिहिलेलं नाही, आणि तेच वाचून माझा जीव खालीवर झाला. डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी मूल परत मैदानात जात नाही. मी अशा मुलाला बाकावर बसवते, त्याच्या डोळ्यांकडे बघते, सामन्याच्या चार भागांपैकी कितवा क्वार्टर चाललाय, मागचा गोल कुणी केला हे विचारते. एका मुलानं मला तीनदा तेच विचारलं होतं, “आपण जिंकतोय ना?” चेहरा अगदी ठीक होता. बूट मात्र सोडायचे सोडून तो लेस पुन्हा पुन्हा बांधत होता. त्याला तिथून सरळ दवाखान्यात पाठवलं. एएफएलच्या, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च लीगच्या, व्यावसायिक खेळाडूला कन्कशननंतर (मार बसून मेंदूला धक्का लागल्यावर) किमान बारा दिवस बाहेर ठेवतात. क्लबच्या पातळीवर सामन्यात परतायला किमान एकवीस दिवस आणि डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. मूल कितीही रडलं, फायनल असली, तरी त्यात सूट नाही. डोकेदुखी, उलटी, चिडचिड, उजेड नकोसा होणं, यातलं काहीही दिसलं तर आजच डॉक्टर गाठा.

आता कार्ड. एएफएलमध्ये खेळाडूला सामन्यातून हाकलण्याचा नियमच नाही. शिक्षा मागाहून होते. मॅच रिव्ह्यू ऑफिसर चित्रण बघून कृत्य हेतुपुरस्सर होतं की निष्काळजीपणाचं, फटका किती जोराचा, लागला कुठं हे ठरवतो, आणि गंभीर प्रकरण ट्रायब्युनलपुढं, म्हणजे लीगच्या शिस्तीच्या न्यायमंडळापुढं, जातं. ५ ऑगस्ट २०१८ ला पर्थमध्ये वेस्ट कोस्टच्या अँड्र्यू गॅफनं फ्रीमँटलच्या अठरा वर्षांच्या अँड्र्यू ब्रेशॉला चेंडूपासून लांब असताना ठोसा मारला. जबडा मोडला, दात जागचे हलले. गॅफ त्या दिवशी पुढंही खेळत राहिला. मग त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी आली. त्याच वर्षी वेस्ट कोस्टनं ग्रँड फायनल जिंकली तेव्हा तो संघात नव्हता. शिक्षा मोठी होती, हे खरं. पण ज्या पोराचा जबडा तुटला तो बाहेर आणि ज्यानं तोडला तो मैदानात, हे दृश्य मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. माझ्या मते हकालपट्टीचा नियम वरच्या पातळीवरही यायला हवा.

तुमच्या मुलाच्या पातळीवर मात्र बऱ्याच लीगमध्ये कार्डं आहेत: पिवळं म्हणजे काही वेळ बाहेर, लाल म्हणजे सामना संपला. पण अंपायरनं पाहायला तर हवं. एकटं माणूस चेंडूमागं पळत असतं, तेही बरेचदा पंधरा-सोळा वर्षांचं.

टीम मॅनेजरनं तुम्हाला अडवलं ते बरोबरच केलं. मोठा माणूस रागानं रेषा ओलांडून लहान मुलांत गेला की पुढं काय होईल ते कुणाच्याच हातात राहत नाही, आणि शिक्षा तुमच्यासकट तुमच्या क्लबलाही होते. तुम्ही मॅनेजरकडे जायचं, त्यांनी रंगीत बिब घातलेल्या ग्राउंड मार्शलला आणि क्वार्टर संपताच अंपायरला सांगायचं. त्याच संध्याकाळी घडलेलं लिहून काढा: कितवा क्वार्टर, जर्सीचा नंबर, कुणी पाहिलं, कुणाच्या मोबाइलमध्ये आलंय. सोमवारी ते क्लबच्या सेक्रेटरीकडे द्या. लीगकडे तक्रार क्लबमार्फतच जाते आणि मुदत थोडी असते. ज्यानं मारलं तोही बारा वर्षांचाच आहे, एवढं त्या कागदात विसरू नका.

माझ्या मागच्या रांगेतला एक जण एका ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, खेळाडूला त्याच्या रंगावरून अर्वाच्य बोलत होता. मी गप्प बसलो. घरी आल्यापासून मनाला लागून राहिलंय. काय करायला हवं होतं? – वाचक, वेरिबी

तुम्ही हे लिहिलंत, मला बरं वाटलं. मीही एकदा गप्प बसले होते. माझ्या पहिल्याच वर्षी रेषेपलीकडच्या एका आईनं आमच्या संघातल्या केरळी मुलाला त्याच्या डब्याच्या वासावरून काहीतरी म्हटलं. मी एका घोट्याला टेप बांधत होते. मान वर केली नाही. त्या मुलानं माझ्याकडे बघितलं होतं, मला ते ठाऊक आहे.

या खेळाचा हा घाव जुना आहे. १७ एप्रिल १९९३ ला कॉलिंगवूडच्या व्हिक्टोरिया पार्कवर सेंट किल्डाचा ॲबोरिजिनल खेळाडू निकी विनमार दिवसभर शिव्या ऐकून घेत खेळला, सामना जिंकला, आणि प्रेक्षकांकडे तोंड करून त्यानं जर्सी वर उचलून स्वतःच्या कातडीकडे बोट दाखवलं. दोन वर्षांनी, १९९५ मध्ये, वंश आणि धर्मावरून खेळाडूंनी एकमेकांना बोलण्याविरुद्ध लीगनं नियम केला. विनमारचा तसा पुतळा आज पर्थच्या स्टेडियमबाहेर उभा आहे.

नियम खेळाडूंना लागला, स्टँडमधल्या तोंडांना आवर बसला नाही. मे २०१३ मध्ये एमसीजीवर सिडनीच्या ॲडम गुड्स या ॲबोरिजिनल खेळाडूला तेरा वर्षांच्या मुलीनं माकड म्हटलं. त्यानं तिथल्या तिथे थांबून सुरक्षारक्षकाला बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला की मुलीला दोष देऊ नका, तिला आधार द्या. पुढं मैदानोमैदानी त्याचीच हुर्यो उडवली गेली. २०१४ चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ असलेला हा माणूस २०१५ च्या मोसमानंतर खेळ सोडून गेला. लीगनं आणि अठराही क्लबांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये. हुर्यो करणारे सगळेच काही शिव्या देत नव्हते. शेजारचा ओरडतो म्हणून ओरडणारे आणि तुमच्या-माझ्यासारखे खाली मान घालणारे मिळूनच तो आवाज झाला.

तर पुढच्या वेळी: त्या माणसाशी वाद घालू नका, प्यालेल्याशी तर नाहीच. मोठ्या मैदानांवर तक्रारीचा मेसेज पाठवायला एक नंबर स्क्रीनवर दाखवतात. आत शिरतानाच तो मोबाइलमध्ये घालून ठेवा. ब्लॉक, रांग, सीट नंबर आणि नेमके शब्द लिहून पाठवा. रक्षक येतात, तक्रार कुणी केली ते सांगत नाहीत. स्वतःवर रोख आला तर आधी जागा बदला, मग कळवा. आणि शक्य असेल तर जवळच्या लहान मुलाला एवढंच म्हणा, की हे चूक आहे.

आवडत्या खेळाडूनं विक्रमी गोल केला तर आत पळत गेलेलं चालतं का? सिडनीत सगळे गेले होते! – इयत्ता आठवी

नाही रे बाळा. मार्च २०२२ मध्ये लान्स फ्रँकलिनच्या हजाराव्या गोलनंतर एससीजीवर, म्हणजे सिडनी क्रिकेट ग्राउंडवर, हजारो लोक आत गेले, ती जुनी परंपरा होती म्हणून निभावलं. सामना बराच वेळ थांबला होता आणि त्या गराड्यातून त्याला सुखरूप बाहेर काढावं लागलं. व्हिक्टोरियात सामन्याच्या वेळी आत घुसणं गुन्हा आहे, दंड हजारो डॉलरचा. आपल्या उपनगरातल्या मैदानावर मात्र क्वार्टर ब्रेकला संघाच्या घोळक्यात जाऊन कोचचं ऐकता येतं. सामना संपल्यावर चेंडू घेऊन जा आणि हवं तेवढं किक मार.

आमचे हे शांत स्वभावाचे. पण लेकीच्या अंडर-११ सामन्याला अंपायरवर असे ओरडतात की ती मला म्हणाली, “बाबांना नको आणूस.” त्यांना कसं सांगू? – एक आई, ट्रुगनिना

तिचं वाक्य आहे तसं सांगा, तुमचं काही मिसळू नका.

गेल्या जूनमध्ये गवतावर दंव असताना आमच्याकडे एक मुलगी पहिल्यांदाच अंपायर म्हणून उभी होती. दहावीतली असेल. दुसऱ्या क्वार्टरनंतर पाणी प्यायला माझ्याकडे आली, तेव्हा बाटलीचं झाकण तिला उघडेना. मला वाटलं बोटं गारठलीत. हातात हात घेतला तर ऊबदार होता, नुसता थरथरत होता. तिसऱ्या क्वार्टरला तिनं शिट्टी वाजवलीच नाही म्हटलं तरी चालेल, आणि मग मुलं एकमेकांना खुशाल लोळवायला लागली. त्या दिवशी माझ्याकडचा बर्फ संपला.

एएफएलनं २०२२ पासून अंपायरकडे हात पसरून नाराजी दाखवणाऱ्या खेळाडूविरुद्धही पन्नास मीटरची पेनल्टी (समोरच्या संघाला चेंडू तेवढा पुढं नेऊन देणं) लावायला सुरुवात केली. रेषेबाहेरच्या बापाला पेनल्टी लावता येत नाही. त्याला काम देता येतं. तुमच्या टीम मॅनेजरला आजच मेसेज करा, की रविवारी गोल अंपायर (खांबांपाशी उभं राहून गोल झाला की नाही ते बघणारा) म्हणून यांचं नाव लिहा. लहान गटात ते काम पालकच करतात, आणि तिथं उभं राहून ओरडायला किंवा कुणाला शिकवायला मनाई असते. कोट आणि झेंडे क्लबकडून मिळतात. गोल झाला की दोन्ही झेंडे हलवायचे, बिहाइंड (गोलच्या शेजारून गेलेला, एकाच गुणाचा फटका) झाला की एकच. यांना आदल्या रात्री घरीच एकदा करून बघू दे, लेकीसमोर.