कण्वाने आसवे अडवली होती

काल्पनिक राज्याच्या कथेत नववधू माहेर सोडून निघते तो प्रसंग किती करुण असावा आणि त्यात आशा कशी आणावी, असे आपण विचारले आहे. तो रडवा करण्याची मुळीच गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे माहेर वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले आणि सासर इंदूरचे. लग्नानंतर मध्यरात्रीच्या सुमारास आम्ही अवंतिका एक्सप्रेसने निघालो, तेव्हा सगळे आप्त फलाटावर जमले होते. आजीने माझ्या हातावर दही घातले, गाडी हलली, आणि बाबा व मी दोघेही रडलो नाही. संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्या मामांनी पुढच्या भेटीत चारचौघांत सुनावले, की कण्वासारखा वनवासी ऋषीसुद्धा शकुंतलेच्या पाठवणीला व्याकूळ होतो आणि तुम्हा बापलेकींच्या डोळ्यांत टिपूसही नव्हते. निघण्याच्या दिवशी दुपारी बाबा आणि मी गच्चीवरच्या खोलीत दार लोटून तासभर बसलो होतो, हे मामांना ठाऊक नव्हते. तिथे काय बोलणे झाले ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेले नाही.

इंग्रज कादंबरीकार टोल्किनची अमर नायिका आर्वेन मर्त्य ॲरागॉर्नशी लग्न करून अमरत्व सोडते, त्यामुळे पित्याशी, एल्रॉन्डशी, तिची ताटातूट जगाच्या अंतापलीकडेही मिटणारी नाही. तरीही १९५५ साली आलेल्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या खंडात त्या निरोपाला जेमतेम एक वाक्य मिळते: ती दोघे डोंगरावर जाऊन खूप वेळ बोलली आणि ती भेट कोणी पाहिली नाही. मामांच्या मते ही लेखकाची पळवाट आहे. मी ते वाक्य प्रथम वाचले तेव्हा मला आमची गच्ची दिसली.

आशेचे म्हणाल, तर ती उपदेशातून येत नाही. ज्याच्यासाठी मुलगी दुरावणार तो ॲरागॉर्न लहानपणी एल्रॉन्डच्याच घरी ‘एस्टेल’ म्हणजे आशा या नावाने वाढलेला असतो, आणि शकुंतला निघताना तपोवन पुन्हा केव्हा दिसेल असे कण्वाला विचारते. आपल्या नववधूलाही असा एखादा प्रश्न विचारू द्या, किंवा तिच्या हातावर दही घालणारे कोणीतरी असू द्या.

अर्थात बापलेकीचे नाते आधीच्या प्रकरणांत मुरलेले नसेल, तर एका वाक्याचा निरोप कोरडा वाटेल. शाकुंतलाचा चौथा अंकही मी कमी लेखत नाही. पण मामांनी वर्षानुवर्षे शिकवलेल्या त्याच अंकात कण्वाचा कंठ ‘स्तम्भितबाष्पवृत्ति’ने, म्हणजे अडवून धरलेल्या आसवांनी, दाटलेला आहे, आणि वाट उंचसखल आहे, पाण्याने भरलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही, पावले अडखळतात, म्हणून आसवे आवर, असे तो लेकीलाही सांगतो.