वाचक विचारतात : ब्रेकची कॉइल पुन्हा पुन्हा का जळते?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये माल चढवायचा हॉइस्ट आहे, 2 एचपीची थ्री फेज मोटर, मागे ब्रेक. मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी ड्राइव्ह बसवल्यावर आधी ब्रेकचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) गेला. बाजारातून दुसरा आणून लावला, तर दोन कॉइल जळाल्या. चालतो तेव्हाही थांबवल्यावर माल चार बोटं खाली येतो. ब्रेकच बदलावा का?

उत्तर : थांबा, दोष बहुधा वायरिंगचा आहे. हा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि विजेने सुटतो. रेक्टिफायरच्या वायरी अजून मोटरच्या टर्मिनलवरच असणार. थेट लाइनवर ते चालायचं. पण ड्राइव्ह 50 हर्ट्झला 415 व्होल्ट देतो, तर 10 हर्ट्झला जेमतेम 83. तेवढ्यावर ब्रेक सुटत नाही, लायनिंग (ब्रेकचं घर्षणाचं अस्तर) घासत राहतं. शिवाय ड्राइव्हच्या पल्सनी रेक्टिफायर मरतो.

कॉइल मात्र नव्या रेक्टिफायरने जाळली असावी. कॉइलवर 180 किंवा 190 व्होल्ट डीसी लिहिलंय ना? 415 वर हाफ वेव्ह (एसीची अर्धीच लाट वापरणारा) रेक्टिफायर 187 व्होल्ट देतो, ब्रिज (पूर्ण लाट वापरणारा) देतो 373. व्होल्टेज दुप्पट, उष्णता चौपट! ब्रेकच्या मॅग्नेट आणि प्लेटमधला गॅप वाढला म्हणून डीसी कॉइल जळत नाही. तिचा करंट रेझिस्टन्सवरच ठरतो. नवी कॉइल जोडण्याआधी मल्टिमीटरने डीसी मोजाच.

आता दुरुस्ती. माल जमिनीवर टेकवून हूक रिकामा करा, मेन बंद करा, ड्राइव्हवर लिहिलेला कपॅसिटर उतरण्याचा वेळ जाऊ द्या. ब्रेकच्या वायरी मोटरवरून काढून ड्राइव्हच्या आधीच्या लाइनवरून, वेगळ्या कॉन्टॅक्टरमधून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) आणा. कॉन्टॅक्टर ड्राइव्हच्या ब्रेक रिलेवर चालवा. मोटरने माल पेलल्यावरच ब्रेक सुटेल असं सेटिंग हवं, नाहीतर उचलतानाही माल खाली घसरेल.

माल सरकण्याचं कारण बहुधा हे : नुसतं एसी बाजूने तोडलं, की कॉइलचा करंट डायोडमधून फिरत राहतो आणि ब्रेक उशिरा लागतो. म्हणून त्याच कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट डीसी बाजूलाही घ्या आणि कॉइलला व्हॅरिस्टर (व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) लावा. एवढं करूनही सरकला, तर लायनिंग तपासा आणि फिलर गेजने गॅप तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकडे सारखे आणि कंपनीच्या तक्त्यात बसणारे हवेत.

प्रश्न : लायनिंगला गिअरबॉक्सचं तेल लागलंय. पेट्रोलने धुतलं तर चालेल?

उत्तर : नाही. लायनिंग तेल पितं. तापलं की ते पुन्हा वर येतं. लायनिंग बदला, पण आधी ऑइल सील.