मूठ सैल राहील अशी स्टिक

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

पथकात ताशा वाजवणारी तू आता कॉलेजच्या बँडमध्ये ड्रमसेटवर बसलीस, हे वाचून फार आनंद झाला. रॉक वाजवायचं म्हणजे जाड स्टिक हवी असं मित्रांनी सांगितलं आणि तू २बी मापाची जाड स्टिक घ्यायला निघाली आहेस, असं लिहिलंस. जरा थांब. गाणं कोणत्या प्रकारचं आहे याचा विचार नंतर करू. ज्या स्टिकनं तुला मूठ कमी आवळावी लागते, ती स्टिक तुझी. माझं सांगणं एवढंच आहे, पण ती ओळखायची कशी ते जरा सविस्तर लिहितो.

आतापर्यंत वापरलेल्या, मोडलेल्या सगळ्या स्टिक्स काढ आणि खिडकीपाशी उजेडात नीट बघ. टोकाकडे जाताना स्टिक जिथून निमुळती होऊ लागते त्याला खांदा म्हणतात. तो कुरतडल्यासारखा झाला असेल तर तू हाय-हॅट आणि क्रॅश या सिंबलच्या, म्हणजे धातूच्या थाळ्यांच्या, कडेवर खांद्यानं मारतेस. रॉकमध्ये ते चालतंच, पण मग लांब, नाजूक निमुळतेपणाची स्टिक तुझ्याकडे टिकणार नाही. मधल्या भागात खोल खाच पडली असेल तर ती रिमशॉटची, म्हणजे ड्रमचं पान आणि कडा एकदम मारल्याची. ही खाच कुठे आणि किती रुंद आहे तेही बघ. एकाच जागी असेल तर तुझा हात स्थिर आहे. दोन-तीन इंचांत पसरली असेल तर स्टिक दर वेळी मुठीत पुढेमागे सरकून राहिली आहे, आणि ते नवी जोडी घेऊन सुटणार नाही. फक्त टोकाच्या ढलप्या निघाल्या असतील तर तुझा जास्त वेळ राइडवर, म्हणजे लय धरणाऱ्या मोठ्या सिंबलवर, जातो. खाचा फारशा नसताना स्टिक मधूनच तुटत असेल, तर मात्र मला काळजी वाटते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की फटका बसल्यावर तू स्टिकला उसळू देत नाहीस, तिला तिथेच दाबून धरतेस. तो धक्का आज लाकूड सोसतं आहे, उद्या तुझं मनगट सोसेल.

तुझ्या बाबतीत ही भीती मला जास्त आहे, कारण तुझा हात ताशावर घडला आहे. ताशाचं पान, म्हणजे वाजवायचा पडदा, खूप ताणलेलं असतं. बारीक काडी टेकवली की ती स्वतःच उडते, बोटांनी फक्त सांभाळायची. म्हणून तुझी बोटं ड्रम क्लासमधल्या कित्येक मुलांपेक्षा चपळ आहेत, ही तुझी कमाई आहे. पण फ्लोअर टॉमचं, म्हणजे जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमचं, पान सैल असतं, तिथे स्टिक तेवढी उसळत नाही, ती उचलावी लागते. अशा वेळी हातात जड स्टिक असेल तर तुझी बोटं काम सोडतील, तुझा खांदा आणि कोपर पुढे येतील, आणि वर्षभरात तुझा ताशाचा हात हरवेल. उलट, ताशासारखीच वाटते म्हणून अगदी बारीक ७ए घेतलीस तर बँडच्या आवाजात तू बुडशील. मग आवाज काढायला आवळून मारशील. दोन्ही वाटांनी मूठ घट्टच होते.

म्हणून सुरुवात ५ए पासून कर. आकडा लहान तेवढी स्टिक साधारणपणे जाड, आणि एकाच आकड्यात बी ही ए पेक्षा जाड. ही अक्षरं जुन्या अमेरिकन पद्धतीतून आली: ए ऑर्केस्ट्रासाठी, बी बँडसाठी, आणि एस रस्त्यावरच्या संचलनासाठी. म्हणजे तिकडे रस्त्यावर सर्वांत जाड स्टिक, आणि आपल्याकडे नागपूरच्या महाल भागातल्या मिरवणुकीत ताशावर सर्वांत बारीक काडी! ताशा ऐकू येतो तो त्याच्या चढ्या, कडक स्वरामुळे. मोठा आवाज म्हणजे जाड काठी, हे समीकरण तुझ्या स्वतःच्या वाद्यानं केव्हाच खोटं ठरवलं आहे.

फरक किती, तेही सांगतो. विक फर्थ या स्टिक बनवणाऱ्या कंपनीच्या अमेरिकन क्लासिक मालिकेत ७ए ची जाडी सुमारे १३.७ मिलिमीटर, ५ए ची १४.४, ५बी ची १५.१ आणि २बी ची १६. ७ए साडेपंधरा इंच लांब, ५ए आणि ५बी १६ इंच, २बी सव्वासोळा. एका मिलिमीटराच्या आतला फरक बोटांना लगेच कळतो. मात्र प्रत्येक कंपनीची मापं थोडी वेगळी असतात, त्यामुळे नुसता आकडा वाचून दुसऱ्या कंपनीची जोडी मागवू नकोस.

लाकडाबद्दल फार डोकं शिणवू नकोस. हिकरी घे. ती धक्का चांगला पचवते आणि तुटण्याआधी बरीच झिजते. मेपल हलकं असतं, त्यामुळे जाड स्टिक धरूनही वजन कमी लागतं. बोटं लांब असणाऱ्यांना ते आवडतं, पण रिमशॉटखाली लवकर जातं. ओक जड आणि टणक, त्याचा धक्का हातात जास्त येतो. तुला सध्या नको.

टोकाचा परिणाम मुख्यतः सिंबलवर ऐकू येतो. लहान गोल टोकानं राइडचा प्रत्येक ठोका सुटा आणि स्वच्छ येतो. थेंबासारख्या किंवा फुगीर टोकानं आवाज भरीव होतो. नायलॉनचं टोक १९५८ मध्ये जो कॅलाटो या अमेरिकन ड्रमरनं आणलं. ते जास्त चकाकतं आणि त्याच्या ढलप्या निघत नाहीत. घरी इलेक्ट्रॉनिक किटवर सराव करत असशील तर नायलॉनच वापर. लाकडाचं टोक फाटलं की जाळीचं पान खराब होतं आणि ते पान महाग पडतं. बँडसाठी मला लाकडाचंच टोक आवडतं, कारण आपल्याकडच्या साउंडवाल्यांनी सिंबलचा चढा आवाज आधीच पुरेसा वाढवलेला असतो.

जागेचाही विचार कर. लग्नाच्या लॉनवर आवाज मोकळ्या हवेत विरतो, तिथे ५बी घ्यावीशी वाटणं समजू शकतं. देशपांडे सभागृहासारख्या ठिकाणी ड्रमला माइक असतो, तिथे ५ए पुरून उरते. छोट्या खोलीत गझल किंवा भावगीताला साथ करायची वेळ आली तर पातळ काड्यांची जुडी बांधलेल्या रॉड्स किंवा ब्रश घे. स्टिक्सनंच हळू वाजवायला गेलीस तर हात आखडेल.

आता नागपूरच्या हवेचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा स्टिक्स गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नकोस, वाकतात. कूलरसमोरही नको, त्या ओल्या वाऱ्यानं लाकूड फुगतं. घामानं स्टिक निसटते म्हणून तू आवळून धरत असशील तर धरण्याच्या जागेवरचं चकचकीत पॉलिश बारीक पॉलिश पेपरनं थोडं उतरव. स्टिक बदलण्याआधी हे करून बघ, बऱ्याच जणांचं काम तेवढ्यानंच होतं.

सीताबर्डीला दुकानात गेलीस की घाई करू नकोस. प्रत्येक स्टिक काचेच्या काउंटरवर लोळवून बघ. डगमगली तर वाकडी आहे. मग दोन्ही सारख्या सैल धरून एकाच जागी ठोक आणि कान दे. एकीचा स्वर वर आणि दुसरीचा खाली असेल तर त्यांचं वजन किंवा घनता जुळत नाही, कंपनीनं जोडी म्हणून विकली असली तरी. दुकानदार कंटाळला तरी चालेल, पाचसहा जोड्यांतून निवड. लाकडाच्या रेषा टोकापासून बुडापर्यंत सरळ जातात का तेही बघ. आडव्या निघालेल्या रेषेवर स्टिक चिरते. आवडत्या ड्रमरच्या सहीची स्टिक दिसेल, ती त्याच्या हातासाठी बनली आहे. नावासाठी जास्तीचे पैसे देऊ नकोस.

विकत घेण्याआधी शनिवारी संध्याकाळी क्लासला ये. माझ्याकडे ५ए, ५बी आणि मेपलची ७ए आहे. तुझ्या बँडचं एखादं गाणं तिन्हींनी सलग वाजव, मी फक्त तुझी मूठ बघत बसेन. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझे,
सर