नळपाणी योजनेसाठी कंपनीच्या निधीतून सौरपंप मिळेल का?

प्रश्न : आमच्या गावच्या नळपाणी योजनेवर पाच अश्वशक्तीचा पंप आहे. वीजबिल थकले की पुरवठा तोडला जातो आणि गाव टँकरवर येते. जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीकडे सीएसआर निधीतून (कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून खर्च करायच्या रकमेतून) सौरपंप मागावा, असे ग्रामसभेत ठरले आहे. हा निधी आमचा हक्क आहे का, आणि मागणी कशी करावी?
– ग्रामपंचायत सदस्य, माण तालुका, जि. सातारा

उत्तर : हक्क नाही, पण मागणी पूर्णपणे रास्त आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार, आदल्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक होता, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. पर्यावरण संरक्षण आणि ग्रामीण विकास ही दोन्ही कामे कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे या निधीतून करता येणाऱ्या कामांच्या यादीत आहेत. कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो, मात्र निवड अखेर कंपनीच करते.

अर्ज लिहिण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावा, कारण अशा योजना बहुधा तिथेच अडतात : पंप कोणाच्या मालकीचा, आणि तो बिघडला तर खर्च कोण करणार? 2021 च्या सुधारित नियमांनुसार या निधीतून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरणाकडे, लाभार्थींच्या बचतगटाकडे किंवा नोंदणीकृत संस्थेकडे सोपवावी लागते. तुमच्या बाबतीत ग्रामपंचायत हेच योग्य नाव आहे आणि तसा ठराव अर्जाला जोडावा. काम एखाद्या संस्थेमार्फत होणार असेल, तर तिची सीएसआर-1 नोंदणी (अशी कामे करणाऱ्या संस्थांनी केंद्र सरकारकडे करायची नोंदणी) आधी तपासून घ्या.

पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण पाच किलोवॉटचे पॅनेल लागतात. दिवसा पंप चालून पाणी उंच टाकीत साठत असल्यामुळे बॅटरीची गरज नाही, आणि हा मोठाच फायदा आहे, कारण अशा संचात सर्वांत आधी निकामी होते ती बॅटरी. पॅनेल पंचवीस वर्षे टिकतात, परंतु पंपाचा कंट्रोलर (पॅनेलची वीज पंपाला योग्य रीतीने पुरवणारे यंत्र) त्याआधी बदलावा लागतो, आणि माणसारख्या कोरड्या तालुक्यात काचेवरची धूळ वेळच्या वेळी पुसली नाही तर पाणी कमी चढते. त्यामुळे पाणीपट्टीतून दरमहा ठरावीक रक्कम देखभालीसाठी वेगळ्या खात्यात ठेवण्याचा ठराव त्याच ग्रामसभेत करावा, असा माझा आग्रह आहे. ढगाळ दिवसांसाठी महावितरणची जोडणी कायम ठेवा. जुनी थकबाकी मात्र या निधीतून फिटेल अशी अपेक्षा धरू नका.

अर्जासोबत मागील बारा महिन्यांची वीजबिले, विहिरीच्या उन्हाळ्यातील पाणीपातळीची नोंद आणि कुटुंबसंख्या द्या. कंपनीची सीएसआर समिती वार्षिक कृती आराखडा तयार करते. एप्रिलपासूनच्या वर्षाच्या आराखड्यात तुमच्या कामाचा विचार व्हावा यासाठी जानेवारीतच कंपनीची भेट घ्या.