गच्चीवरच्या कुंड्या आणि छताला आलेली ओल

आपण विचारले आहे की, गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत, एप्रिलपासून खालच्या खोलीच्या छताला ओल धरू लागली आहे आणि गवंडी म्हणतो, बाग उचला व सगळ्या गच्चीला रसायनाचा लेप द्या. तर त्याचे ऐकावे का? सोलापुरात गच्चीवर बाग करून मला अठरा वर्षे झाली. माझ्या मते लेपाचा खर्च तूर्त थांबवावा, कारण पाणी कोठून येते हे अजून कोणीच पाहिलेले नाही.

वळवाच्या एखाद-दुसऱ्या सरी सोडल्या तर आपल्याकडे एप्रिल-मे कोरडेच जातात आणि पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दिसणारी ओल पावसाची असण्यापेक्षा आपणच वर चढवलेल्या पाण्याची असण्याची शक्यता जास्त असते. हे पाणी कुंड्यांचे असेल, टाकीचे असेल किंवा पाइपाचे. काही वर्षांपूर्वी मीही असाच घाईने लेप करून घेतला. पुढच्या उन्हाळ्यात ओल जिथल्या तिथे परत आली, आणि शोध घेतल्यावर टाकीतून खाली जाणाऱ्या पाइपाचा एक सांधा पाझरत असल्याचे आढळले. तो सांधा बदलायला प्लंबरला अर्धा तास लागला. लेपाचे पैसे मात्र गेले ते गेले.

म्हणून प्रथम छतावरच्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. नंतर रात्री टाकीच्या खालचा व्हॉल्व्ह बंद करून, टाकीत कोठूनही पाणी येत नसल्याची खात्री करून, आतल्या पातळीची खूण करावी. सकाळी पातळी स्पष्ट उतरलेली दिसली तर टाकी किंवा व्हॉल्व्हच्या अलीकडचा सांधा गळतो आहे. पातळी तशीच असेल तर पुढच्या पाइपाचे सांधे हात लावून तपासावेत. तिथेही काही न आढळल्यास डागाच्या वर येणाऱ्या कुंड्या आठ-दहा दिवस दुसरीकडे हलवून डाग रेघेच्या आत सुकतो का, ते पाहावे. न्हाणी ट्रॅप, म्हणजे गच्चीतले पाणी बाहेर जाण्याचे जाळीचे तोंड, बंद करून गच्चीत दोन दिवस पाणी साठवण्याची चाचणी गवंडी सुचवतात. ती चांगली आहे, पण उन्हाळ्यात इतके पाणी कोणी सोलापूरकर सुखाने गच्चीवर ओतेल असे मला वाटत नाही.

पाणी कुंड्यांचेच निघाले तरी बाग काढण्याचे कारण नाही. दोष बहुधा कुंडी थेट फरशीवर ठेवण्यात असतो. तळाची माती ओली राहते, फरशीच्या सांध्यात पाणी मुरत जाते आणि पाण्याबरोबर वाहून आलेली माती न्हाणी ट्रॅपच्या जाळीत अडकून सगळा ढाळच निरुपयोगी करते. कुंड्या विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर, खालून झाडू फिरेल इतक्या उंच ठेवाव्यात आणि न्हाणीची जाळी दर आठवड्याला काढून धुवावी. त्यानंतर गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो गोलसर वाटा पाहावा. माझ्या पाहण्यात फट सर्वांत जास्त वेळा तिथेच निघाली आहे. फट असेल तर ती थोडी खोदून मोकळी करावी, धूळ झाडावी, पाणी मारावे आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूने भरून घ्यावी. मे महिन्यात हे काम सूर्य कलल्यावरच करावे आणि वर ओले गोणपाट टाकून किमान सात दिवस पाणी मारावे. दुपारी भरलेले सिमेंट मुरण्याआधीच वाळते आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात.

वजनाचा विचारही करावा. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकानुसार साधारणपणे दर चौरस मीटरला सुमारे 150 किलो एवढा वापराचा भार धरला जातो. बारा इंची कुंडी पाणी घातल्यावर वीसेक किलो भरते, ते फारसे नाही. पण 200 लिटरचा ड्रम अर्धा कापून मातीने भरला, तर तेवढ्या छोट्या जागेत दीडशे किलोंहून अधिक वजन येते. असे ड्रम स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली तुळई किंवा भिंत असेल तिथेच ठेवावेत. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळल्यास वजन बरेच कमी होते. (जुन्या धाब्याच्या घरावर तर कुंडी ठेवूच नये.)

पाण्याविषयी थोडेसे. कूलरच्या टाकीत उरलेल्या आणि आरओमधून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्यात क्षार साठलेले असतात. ते झाडांना न घालता फरशी पुसायला वापरावे. एसीतून ठिबकणारे पाणी मात्र कुंड्यांना चालते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने पिंप भरून ठेवावेच लागते, पण उन्हाळ्यात डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते, म्हणून पिंपे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात.

कुंड्या हलवाल तेव्हा कठड्याच्या कोपऱ्यात पिंपळाचे रोप उगवले आहे का, तेही पाहून घ्यावे. पक्ष्यांच्या विष्ठेतून ते येते. दोन पानांचे असताना चिमटीने मुळासकट निघते. वर्षभर राहिले तर वाटा फोडल्याशिवाय निघत नाही.